खटक्यावरचा हार

आमच्या मुलुंडच्या घराला बारा महिने ओल्या नारळाचा वास असायचा. उशांना, पडद्यांना, बाबांच्या वर्तमानपत्राला, माझ्या गणवेशालाही. वर्गात शेजारी बसणारी मुलगी पहिल्या तासालाच वास हुंगत विचारायची, "काय गं, आज डब्यात काय गोड आणलंयस?" आणि डब्यात असायची रोजची पोळी-भाजी. हा वास आत्याचा होता. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती मालवणकडून आमच्याकडे आली, एक पत्र्याची ट्रंक आणि एक खवणी घेऊन. सकाळी मला जाग यायची ती त्या खवणीच्या खर्र खर्र आवाजाने. आत्या एक पाय दुमडून खवणीवर बसलेली, समोर ताटात पांढऱ्या चवाचा ढीग, आणि शेगडीवर गूळ विरघळायला लागलेला. मी उठून तशीच पारोशी जाऊन चिमूटभर चव तोंडात टाकायची आणि ती न बघताच म्हणायची, "तोंड धुवन ये गो आधी."

घर दोन खोल्यांचं. आतल्या खोलीत मी आणि आत्या, बाहेर आई-बाबा. आई आणि आत्या कधी भांडल्या नाहीत, हे मी छातीला हात लावून सांगू शकते. पण मी कळती झाल्यापासून आत्याला एकदाही न विचारता चहा ठेवताना पाहिलं नव्हतं. "सुमन, चाय ठेवू गो?" आई म्हणायची, "विचारताय काय वन्सं, ठेवा ना!" दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. फ्रीज उघडायचा तरी आत्या आधी स्वयंपाकघरात कोण आहे ते बघायची. आई बिचारी वैतागायची, पण तिच्या वैतागण्यालाही काही अर्थ नव्हता. ज्या घरात आपण येऊन राहिलो त्या घरात आपण आपले म्हणून वावरायचं नाही, असं आत्याने मनाशी पक्कं केलेलं होतं. ते कुणाच्या सांगण्याने सुटण्यातलं नव्हतं.

तिच्या करंज्या मात्र कुणाला विचारून थांबल्या नाहीत. आधी आमच्या बिल्डिंगमध्ये, मग गल्लीत, मग कुणाचा तरी जावई दुबईला गेला त्याच्या बॅगेत. तिथे त्या करंज्या नासिरचाचांनी खाल्ल्या. नासिरचाचा मूळचे रत्नागिरीकडचे, दुबईत त्यांचं वाणसामानाचं मोठं दुकान होतं. ओल्या नारळाची करंजी दोन दिवसांवर टिकत नाही, म्हणून तिथल्या आपल्या माणसांना दिवाळीत ती मिळतच नसे. गोठवून पाठवता येईल का, असं त्यांनी विचारलं. त्याच सुमाराला बाबांचा कारखाना बंद पडला होता आणि बाबा घरात बसून सगळ्यांच्या चुका काढत होते. त्यांनी भांडुपला एक गाळा भाड्याने घेतला, कुठल्या तरी आइस्क्रीमवाल्याची जुनी थंड खोली विकत घेतली आणि आपल्या हाताने ती दुरुस्त केली. आत्याच्या हाताखाली आसपासच्या बायका आल्या. त्या करंज्या भरायच्या, पण मुरड घालायचं काम आत्या दुसऱ्या कुणाला द्यायची नाही. अर्धवट तळलेल्या करंज्या खोक्यांत भरून वजा अठरा अंशांवर गोठवायच्या, थंड गाडीतून न्हावाशेव्याला न्यायच्या आणि तिथून जहाजाने दुबईला. पूर्ण कंटेनर आमचा कुठला असायला! कुणाचे मटार, कुणाचे पराठे, त्यात एक कोपरा आमच्या करंज्यांचा.

फोन मी घ्यायची. बाबांना कारखान्यातल्या आवाजाने एका कानाने कमी ऐकू यायचं आणि आत्या फोनला भ्यायची. मी कॉलेजात होते, चुरूचुरू बोलायची, त्यामुळे नासिरचाचांची आणि माझी छान गट्टी जमली. गाळ्यातून माल निघायच्या दिवशी त्यांचा फोन यायचाच आणि ते एकच प्रश्न विचारायचे. "बेटा, पाणी सुटलं नाही ना?" म्हणजे माल मध्ये कुठे विरघळला तर नाही ना. एकदा पाणी सुटलं आणि पुन्हा गोठलं की वरून सगळं ठीक दिसतं, पण आतला नारळ बिघडायला लागलेला असू शकतो. मी म्हणायची, "सुटलंय चाचा, पण तोंडाला!" मग ते खो खो हसायचे आणि फोन ठेवायचे. हा आमचा ठरलेला विनोद होता. तिकडे ते एवढ्यावर विश्वास ठेवून दुकानाचे फ्रीझर रिकामे करून ठेवत, हे तेव्हा माझ्या डोक्यातच येत नसे.

आज माझ्या कामाच्या जागी, सहार विमानतळाच्या कार्गोत, प्रत्येक खोक्याबरोबर बोटभर लांबीचं एक यंत्र जातं. माल कधी, कुठे, किती गरम झाला हे सगळं ते टिपून ठेवतं. कुणी कुणाला विचारायचं नाही, कुणी सांगायचं नाही. सोयीचं आहे, मी स्वतः त्याचा आग्रह धरते. पण माझ्या हाताखालची मुलं जेव्हा म्हणतात की मॅडम, पूर्वी लोक नुसत्या शब्दावर कसा काय माल पाठवायचे, तेव्हा मी विषय बदलते.

त्या वर्षी दिवाळीची ऑर्डर मोठी होती आणि तिच्यामागे एक आशा होती. आधीच्या खेपेला आमचा माल असलेला कंटेनर बंदराच्या रस्त्यावर गाड्यांच्या रांगेत अडकून पडला होता आणि खोक्यांचे कोपरे मऊ होऊन पोचले होते. नासिरचाचांनी ते निभावून नेलं, पण सांगितलं की थायलंडचा एक कारखानदार त्यांच्या मागे लागलाय. तो करंज्यासुद्धा बनवून द्यायला तयार आहे. आत्याला हे सांगितलं तेव्हा ती पोट धरून हसली. "थायलंड? तेंका मुरड घालूक येता?" नासिरचाचांचं म्हणणं असं होतं की या दिवाळीचा माल नीट पोचला तर ते वर्षभराची ऑर्डर आम्हालाच देतील. वर्षभराची ऑर्डर म्हणजे आत्याला स्वतःची खोली.

खोली तिने बघूनही ठेवली होती, गाळ्याच्या मागच्या चाळीत. मालकीणबाई दिवाळीपर्यंत थांबायला तयार होत्या. आत्याने मुलुंडच्या बाजारातून एक जाडजूड पितळी कुलूप आणलं होतं आणि ते तिच्या ट्रंकेत साड्यांखाली असायचं. नवरात्र सुरू होण्याआधी एका संध्याकाळी ती मला खोली दाखवायला घेऊन गेली. एक खिडकी, एक मोरी, निळं दार. ती ते दार उघडत होती, लावत होती, परत उघडत होती. "हय माझी खवणी. हय स्टोव्ह. कोणाक विचारूक नको काय नको." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तू येत जा गो शनवाराक." मी हो म्हटलं. पण घरी येईपर्यंत मी तिच्याशी धड बोलले नाही. ज्या बाईच्या कुशीत झोपून मी मोठी झाले तिच्याकडे मी आता शनिवारी पाहुणी म्हणून जायचं? मला तिचा राग आला होता. हा राग मी इथे मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण पुढच्या सगळ्या गोष्टीत तो कुठे आणि किती होता, हेच मला नेमकं सांगता येत नाही.

खंडेनवमी बाबांच्या दृष्टीने दिवाळीपेक्षा मोठी. कारखान्यात असताना त्या दिवशी सगळी यंत्रं बंद ठेवून, तेलपाणी करून, हळदकुंकू वाहून ते घरी पेढे आणायचे. "वर्षभर राबतात बिचारी, त्यांना एक दिवस नको?" असं म्हणायचे. आता त्यांची सगळी माया त्या जुन्या थंड खोलीच्या मशीनवर होती. दुपारी गाळा धुऊन काढला. पाने, पकडी, आत्याची खवणी, झारे, लाटणी असं सगळं पाटावर मांडलं. आत्याने पदराआडून ते पितळी कुलूपही काढलं आणि खवणीच्या शेजारी ठेवलं. आई माझ्याकडे बघून हसली. बाबांनी मशीनचा खटका खाली ओढला, घरघर थांबली आणि गाळ्यात एकदम शांत झालं. मशीनवर त्यांनी कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि झेंडूचा लांब हार मशीनपासून खटक्याच्या दांड्यापर्यंत गुंडाळून घातला. आरती झाली, पेढे वाटले. बाबांचे कारखान्यातले जुने मित्र त्यांना ओढून न्यायला आले होते. जाता जाता बाबा म्हणाले, "ताई, निघताना सुरू कर गं." मी आणि आईही निघालो.

आत्या मागे राहिली. तिने बायकांना वाटेला लावलं, केर काढला आणि खटक्यापाशी गेली. दांडा वर करायचा तर हार तुटणार. पूजेला लावलेलं हत्यार दसऱ्याचं सोनं लुटेपर्यंत हलवायचं नाही, हे ती जन्मापासून बघत आलेली. गावी तिचे वडील त्या दिवशी साधा कोयताही उचलू देत नसत. आणि हे तर देवाला वाहिलेला हार तोडायचं काम, तेही ज्या वर्षी आपण देवाकडे काहीतरी मागितलंय त्या वर्षी. दार जाड आहे, आत सगळं दगडासारखं गोठलेलं आहे, एका रात्रीने काय होणार, असं तिला वाटलं. तिने खटक्याला हात जोडले आणि ती घरी आली. बाबांनी विचारलं नाही, कारण त्यांनी सांगितलेलं काम आत्याने केलं नाही असं कधी झालंच नव्हतं.

दसऱ्याच्या सकाळी बाबा आत्याला घेऊन दाराला तोरण बांधायला गाळ्यावर गेले, तर थंड खोलीच्या दाराखालून पाण्याचा ओघळ आला होता. दाराचं रबर एका कडेला कधीचं चिरलेलं होतं, ते बदलायचं बदलायचं म्हणत राहून गेलं होतं. बाबांनी हार ओढून काढला आणि खटका वर केला. तापमानाचा काटा शून्याच्याही वर गेला होता. खोकी दमट, बाहेरच्या रांगेतल्या करंज्या बोटाने दबतील अशा. आम्ही पोचलो तेव्हा आत्या तिथेच उभी होती आणि तुटलेल्या हारातली फुलं उचलत होती. बाबा तिला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, असं मला आज वाटतं.

दोन दिवसांत सगळं पुन्हा खडखडीत गोठलं. बाबांनी खोकी बदलली, ओली झालेली फेकून दिली. "घट्ट झालंय सगळं, कोण म्हणेल?" असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. आईने एक करंजी तळून खाल्ली आणि चांगली आहे म्हणाली. कुणी कुणाला गप्प राहायला सांगितलं नाही. तशी गरजही कुणाला वाटली नसावी.

गाडी आली. इंजिन चालू ठेवून ती गाळ्याच्या तोंडाशी उभी होती, बायका खोकी उचलून देत होत्या आणि आत्या प्रत्येक खोक्यावरून हात फिरवत होती. फोन वाजला. बाबांनी माझ्याकडे बघितलं. "बेटा," नासिरचाचा म्हणाले, "पाणी सुटलं नाही ना?"

माझं वाक्य तयार होतं. इतक्या वेळा म्हटलेलं होतं की ते आपोआप तोंडातून निघायला हवं होतं. मी तोंड उघडलं आणि समोर आत्या दिसली. तिच्या कमरेला ते कुलूप खोचलेलं होतं, किल्लीसकट. पूजेतलं कुंकू अजून त्याच्यावर होतं. मी म्हटलं, "चाचा, सुटलं होतं."

 मग त्यांनी विचारलं, "कसं काय?" मी सांगितलं. खटका, हार, सगळं. ते हसले, पण नेहमीसारखे नाही. "गावी आमच्या शेजारचे पांडूमिस्त्री पण मशीन झोपवायचे खंडेनवमीला. आम्हाला पेढे द्यायचे." मग म्हणाले, "गाडी परत पाठव बेटा. अब्बांना सांग, नासिर रागावला नाही." मी विचारलं, "पण वर्षाची ऑर्डर?" ते म्हणाले, "खरं सांगू? तुझ्या फुफीच्या करंजीसारखी करंजी मला जगात कुठे मिळणार नाही. थायलंडवाल्याचा नारळ गोडच नाही. पण त्याचा माल निघाला की मी निवांत झोपतो. तुमचा निघाला की मी जहाज लागेपर्यंत जागा. रस्ता, वीज, बंदर, कशाकशाला तू पुरी पडणार? यावेळी तू सांगितलंस. पुढच्या वेळी जे तुला माहीतच नसेल, ते कोण सांगणार?"

मी फोन ठेवला. बाबा एका खोक्यावर बसले. "जीभ आवरता आली नाही तुला?" ते ओरडले. "कोणी सांगितलं होतं हरिश्चंद्र व्हायला?" मी रडायला लागले. आत्या पुढे आली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून बाबांना म्हणाली, "तिका कशाक बोलतंस? त्यांनी इचारल्यानी, ती खोटा कसा सांगतली? खटको मी नाय चढवलंय." मग तिने कमरेचं कुलूप काढून पदराने पुसलं आणि पुढच्या कामाला लागली. गाडीत चढवलेली खोकी उतरवायची होती.

त्या दिवाळीत आमच्या सोसायटीने, गल्लीने, गाळ्यातल्या बायकांच्या चाळींनी त्या करंज्या खाल्ल्या. बाबांनी खोकी वाटून टाकली. मी रोज कान टवकारून बसायची. कुणाचं तरी पोट दुखेल, कुणीतरी तक्रार घेऊन येईल, निदान एखादं पोर तरी ओकेल. एवढी वाईट इच्छा मी आयुष्यात दुसरी कुठली केली नाही. पण कुणाला काही झालं नाही. लोक रस्त्यात थांबवून सांगायचे, "आत्या, काय झकास झाल्यात!" पुढच्या उन्हाळ्यात बाबांनी गाळा सोडला. मालक येईपर्यंत त्याला लावायला कुलूप हवं होतं, ते आत्याने आपलं दिलं. परत मागितलं नाही. निळ्या दाराच्या खोलीत दुसरं बिऱ्हाड आलं. गाळा सोडला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घरी मला खवणीच्या आवाजाने जाग आली आणि पाठोपाठ तिचा आवाज आला, "सुमन, चाय ठेवू गो?"

मला काय मिळालं, तेही सांगायला हवं. नासिरचाचांनी अंधेरीतल्या आपल्या एका मित्राला, जो परदेशात माल पाठवण्याचं काम करायचा, माझं नाव सांगितलं. ही मुलगी खरं सांगते, एवढीच शिफारस. त्या एका वाक्यावर मला नोकरी लागली, तिच्यावर पुढची, आणि तिच्यावर आज ज्या खुर्चीत बसते ती. कामासाठी दुबईला गेले तेव्हा मी एका दुकानात त्या थायलंडच्या करंज्या शोधून काढल्या. मुरड यंत्राने दाबलेली, सगळ्या एकसारख्या. हॉटेलात एक गरम करून घेऊन खाल्ली. चव बेतास बात होती, पण कडा शाबूत होत्या आणि आतला नारळ ताजा होता. मी सबंध पाकीट संपवलं आणि मला स्वतःची लाज वाटली.

खरं बोलल्याचा मला पश्चात्ताप नाही. माझ्या कामात रोज हेच शिकवते. पण खरं मी कशासाठी बोलले? त्या क्षणी मला दुबईतल्या कुणा पोराच्या पोटाची काळजी होती का? की कमरेला खोचलेलं ते कुलूप मला बघवत नव्हतं? आत्या गेली नाही, माझ्याजवळच राहिली, हे मला हवं होतं आणि मला ते मिळालं. तिला हवं होतं ते तिला कधीच मिळालं नाही.

लग्नाचं माझं राहून गेलं. मुलुंडलाच पूर्वेला मी फ्लॅट घेतला. आई-बाबा गावी राहायला गेले तेव्हा आत्या माझ्याकडे आली. पहिल्याच दिवशी मी तिच्या हातात किल्ली ठेवली आणि म्हटलं, "हे घर तुझं." तिने ती देव्हाऱ्यात ठेवली. भाजी आणायला जाते, देवळात जाते, खाली बाकावर बसायला जाते आणि परत आली की बेल वाजवते. मी कामात असले, आंघोळीला गेले असले तरी ती बाहेर उभी राहते. सुरुवातीला मी चिडायची, मग समजूत घालायला लागले. एकदा तर मी तिला दारात उभं करून किल्ली फिरवायला लावली. तिने दार उघडलं, आत आली, आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात थांबून म्हणाली, "चाय ठेवू गो?"

या खंडेनवमीला तिने माझ्या फ्रीजवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. हार घातला नाही. फूल चिकटवलं आणि फ्रीजच्या कुशीवर तळवा ठेवून बराच वेळ उभी राहिली, आतली घरघर चालू आहे ना ते बघत.  मला राहवलं नाही. मी म्हटलं, "आत्या, किल्ली का गं वापरत नाहीस?" ती वळली नाही. "वाजवूंदे गो बेल," ती म्हणाली, "कोणतरी येवन दार उघडता, ता बरा वाटता."

हे तिने स्वतःसाठी म्हटलं की माझ्यासाठी, मला कळलं नाही. मी विचारायच्या आत ती पिशवी घेऊन आपट्याची पानं आणायला खाली गेली. मी बाहेरच्या खोलीत दाराकडे तोंड करून बसून राहिले. थोड्या वेळाने बेल वाजली आणि मी उठून दार उघडलं.